‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या’ म्हणणाऱ्यांनो

साताऱ्याच्या आत्याची राणी, सहा वर्षांची लॅब्राडोर, गेल्या महिन्यात मरता मरता वाचली. तिचं नसबंदीचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. तेवढ्यात भिशीच्या ग्रुपवर ‘मुक्या जिवाचं मातृत्व हिरावू नका’ असा लांबलचक संदेश आला आणि आत्याने तारीख रद्द केली. परवा तोच संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. आता गप्प बसवत नाही.

त्यातला पहिला मुद्दा असा: ‘एकदा तरी पिल्लं झाली नाहीत तर गर्भाशयात पू होतो, म्हणून ऑपरेशन करू नका.’ यात कणभर खरं आहे. व्यायलेल्या मादीत हा धोका थोडा कमी आढळतो, तोही सगळ्या जातींत नाही. पण म्हणून ऑपरेशन नको? अहो, ऑपरेशनमध्ये गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढतात. मग पू होणार कुठे?

कुत्रीची पाळी बाईसारखी वयानुसार थांबत नाही. म्हातारपणीही ती हीटवर, म्हणजे माजावर, येत राहते. प्रत्येक हीटनंतर, नर लागलेला असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन साधारण दोन महिने चढं राहतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि आत शिरलेले जंतू तिथे फोफावतात. हाच पायोमेट्रा. निरोगी कुत्रीचं ऑपरेशन करण्याची फारशी पद्धत नसलेल्या स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या 1995 आणि 1996 च्या नोंदी तपासल्या गेल्या. दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ चौघींत एकीला पायोमेट्रा झालेला होता. चौघींत एक!

राणीची हीट संपून महिना झाला होता. ती सारखी पाणी प्यायची, खाणं सोडलं होतं, दोनदा उलटी झाली. आत्याला वाटलं, ऊन बाधलं. गर्भाशयाचं तोंड बंद असल्याने बाहेर थेंबभर पू दिसला नाही. सोनोग्राफीत सगळं कळलं आणि रात्री अकराला तिचं गर्भाशय काढावं लागलं. ऑपरेशन तेच, पण धडधाकट कुत्रीऐवजी तापाने फणफणलेल्या, रक्तात विष भिनलेल्या कुत्रीवर.

त्याहून भयंकर सल्ला पुढे आहे: ‘ऑपरेशनऐवजी हीट थांबवायचं इंजेक्शन द्या, मांजरीला गोळ्या द्या.’ ही औषधं म्हणजे प्रोजेस्टेरॉनचीच भावंडं. ज्याने गर्भाशय बिघडतं तेच बाहेरून टोचायचं? त्यांनी पायोमेट्राचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. मांजरींचे सड तर सुजून लिंबाएवढे होतात. मेडिकलमधून बायकांच्या गोळ्या आणून मांजरीला चारणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून हे थांबवा.

‘नराची नसबंदी केली की तो राखण करत नाही.’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खच्ची केलेले बैल नांगर ओढत आले, त्यांची ताकद गेली का? राखण हा स्वभाव आणि सवय आहे. कमी होतं ते मादीमागे पळणं आणि बोक्याचं घरभर मुतणं.

‘वजन वाढतं.’ हो, वाढतं, कारण भूक वाढते आणि शरीराची गरज घटते. खाणं साधारण पाव हिश्शाने कमी करा, फिरायला न्या.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांत सांध्यांचे विकार जास्त आढळले. म्हणून मोठ्या जातीच्या कुत्र्याचं योग्य वय डॉक्टरांना विचारून ठरवा. ‘कधीच करू नका’ असं त्यातून निघत नाही. मांजरीचं तर थांबूच नका. चार-पाच महिन्यांची मांजरही गाभण राहू शकते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा राहते.

राहिला ‘नसबंदी म्हणजे पाप’ हा मुद्दा. मंडईमागे खोक्यात सोडलेली, डोळेही न उघडलेली पिल्लं ज्यांनी उचलून आणलीत, त्यांच्याशी मी पापपुण्यावर बोलायला तयार आहे. इतरांशी नाही.

राणी आता जेवते. आत्याकडची मांजर पाच महिन्यांची झालीय. तिची तारीख येत्या गुरुवारची आहे, आणि आत्याने ती स्वतः फोन करून घेतलीय.