सीईटीने न्याय दिला, पण वर्ग ओस पडले त्याचं काय?

नमस्कार. प्रवेश परीक्षांवरच्या माझ्या टीकेला सविस्तर उत्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नीट (मेडिकलची) आणि सीईटी (राज्यातल्या इंजिनिअरिंग वगैरेची) या प्रवेश परीक्षा नसत्या तर डोनेशन आणि वशिलाच चालला असता, खेड्यातल्या हुशार मुलांना दार उघडलं ते या परीक्षांनीच, आणि परीक्षांवर टीका करणं हे शहरी लोकांचं चोचलं आहे.

डोनेशनबद्दल तुमचं बरोबर आहे. अभिमत (डीम्ड) विद्यापीठं मेडिकलसाठी आपापल्या प्रवेश परीक्षा घेत, ते 2016 मध्ये नीटमुळे थांबलं. चांगलंच झालं. परीक्षा रद्द करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

माझं दुखणं अकरावी-बारावीच्या वर्गाचं आहे. नीटला खुल्या गटातून बसायचं तर बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) 50 टक्के पुरतात. पुढे सगळं नीटच्या 720 गुणांवर ठरतं. इंजिनिअरिंगलाही बारावी पात्रतेपुरतीच. मग मुलं क्लासला आणि नाव कॉलेजच्या पटावर. क्लास आणि कॉलेजची ही ‘टायअप’ इतकी बोकाळली की 2018 मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. सगळ्यात जास्त मार बसला तो प्रयोगशाळेला. टायट्रेशन करताना, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण मोजताना, ब्युरेटचा (खुणांच्या काचनळीचा) कॉक कधी आवळायचा, तीन रीडिंग जुळली नाहीत तर चूक कुठे शोधायची, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. नीटच्या अभ्यासक्रमात प्रयोगांचा भाग आहे, पण चार पर्यायांतला तो प्रश्न ब्युरेटला हात न लावताही सुटतो. म्हणून प्रयोग होत नाहीत, जर्नलं एकमेकांची पाहून भरली जातात.

आणि खेड्यातल्या मुलांचंच बोलायचं तर, लातूरला खोली, मेस आणि क्लासची फी ज्या घराला झेपते, त्या घरातलं मूल तरून जातं. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी तालुक्याच्या कॉलेजातला वर्ग हीच एक जागा होती. तीच आपण रिकामी होऊ दिली. याला चोचलं कसं म्हणायचं?

उपाय विचारलात. जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या रँकमध्ये 2013 ते 2016 बारावीला 40 टक्के वजन होतं आणि वेगवेगळ्या बोर्डांचे गुण पर्सेंटाइलने जुळवले जात. 2017 पासून ते काढून टाकलं. तसं वजन नीट आणि सीईटीलाही द्यावं, असं मला ठामपणे वाटतं. मात्र प्रॅक्टिकलचे 30 गुण त्यात धरण्याआधी परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातला हवा आणि प्रयोग त्याच्यासमोर व्हायला हवा, नाहीतर ते गुण सरसकट वाटले जातील.