एटेल अदनान ८७व्या वर्षी चित्रकार झाल्या नाहीत

लेबनीज चित्रकार आणि कवयित्री एटेल अदनान यांच्याविषयीचा एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: यादवी युद्धामुळे बैरुत सोडून अमेरिकेत गेलेल्या या कवयित्रीने ८७व्या वर्षी विरंगुळा म्हणून ब्रश हाती घेतला आणि ती जगप्रसिद्ध झाली. वाचायला छान वाटते, पण यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे.

आधी वयाचे पाहू. २०१२ साली जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले, हे खरे. तथापि १९२५ साली जन्मलेल्या अदनान चित्रे काढू लागल्या त्या १९५९च्या सुमारास. तेव्हा त्या कॅलिफोर्नियातील सान राफाएलच्या डोमिनिकन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत. स्वतः चित्र न काढता कलेचे तत्त्वज्ञान कसे शिकवता, असे तेथील कलाशिक्षिका अ‍ॅन ओहॅन्लन यांनी त्यांना विचारले. आपल्या हातात कसब नाही असे आई म्हणायची, असे अदनान यांनी सांगताच, आणि ते तुम्ही खरे मानलेत का, असा प्रतिप्रश्न आला. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे हा मजकूर एका वाक्यात पुसून टाकतो.

युद्धाचा संबंधही उलटा जोडला आहे. त्या १९४९ साली शिक्षणासाठी पॅरिसला आणि १९५५ साली अमेरिकेला गेल्या. लेबनॉनमधील यादवी १९७५ साली सुरू झाली. उलट १९७२ साली त्या बैरुतला परतल्या होत्या आणि वृत्तपत्राच्या सांस्कृतिक विभागाचे संपादन करत होत्या. युद्धामुळे देश सोडावा लागला, तो या दुसऱ्या खेपेला.

‘विरंगुळा’ हा शब्द मला सर्वाधिक खटकतो. अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात फ्रेंचमध्ये लिहिणे त्यांना नकोसे झाले. शिक्षण फ्रेंच शाळांत झाल्याने अरबीत साहित्य लिहिण्याइतका हात बसलेला नव्हता. आपण अरबीत चित्रे काढू, असे त्यांनी ठरवले, ते या कोंडीतून. पुढे पेटीच्या भात्यासारख्या उलगडणाऱ्या जपानी वह्यांत त्यांनी बद्र शाकिर अल-सय्याब यांच्यासारख्या अरबी कवींच्या ओळी स्वहस्ते उतरवल्या आणि त्यांभोवती जलरंग आणि शाई खेळवली. लेखनातून थकून रंगांकडे वळलेल्या व्यक्तीचे हे काम नव्हे.

राहिला ब्रश. तैलचित्रांसाठी त्या प्रामुख्याने पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवण्याची नि थापण्याची बोथट सुरी, वापरत: कॅनव्हास टेबलावर आडवा, रंग थेट ट्यूबमधून, आणि चित्र बहुधा एकाच बैठकीत पुरे. सॉसालिटोच्या घरातून दिसणारा टॅमलपाइस डोंगर त्यांनी असा असंख्य वेळा रंगवला. शेवटची वर्षे पॅरिसमध्ये गेली, तेथेही तो आठवणीतून रंगवणे चालूच होते.