कै. आजोबांच्या स्मरणार्थ चाळीस पंखे

धर्मादाय संस्थेत तांदूळ, वह्या, सतरंज्या सगळं दान येतं. वीजबिल भरायला मात्र कोणी पुढे येत नाही, कारण बिलावर संगमरवरी पाटी बसवता येत नाही. मग विश्वस्त माझ्यासारख्याला गाठतात : "तुम्हाला त्यातलं कळतं ना? जरा कमी करून द्या."

मी आधी बारा महिन्यांची बिलं मागतो. चार मिळतात. पाचव्याच्या मागे किराण्याची यादी असते.

त्या बिलांवर पहिल्यांदा दरवर्ग पाहावा, म्हणजे वीज घरगुती दराने लागते की दुसऱ्या कुठल्या. अनाथाश्रम, दिव्यांगांचं वसतिगृह, धर्मशाळा पडताळणीनंतर घरगुती दरात बसू शकतात. बिल मात्र कित्येकदा वाणिज्यिक दराने येत असतं, कारण जोडणी घेताना तिथे कोणाचं तरी गोदाम होतं. नोंदणीपत्र जोडून अर्ज करायचा, मग स्थळपाहणी होते. पण उड्या मारत अर्ज करू नये. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि 500 युनिटांवरचा टप्पा चांगलाच झोंबतो. साठ मुलांचा स्वयंपाक, पाणी, दिवे एकाच मीटरवर असतील तर आगीतून फुफाट्यात. आधी दोन्ही दरांनी वर्षाचा हिशेब मांडावा.

मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, हा दुसरा विनोद. वायरमनने कधीकाळी प्रत्येक प्लग पॉइंट मोजून 25 किलोवॅट लिहिलेला असतो. मीटरवरची कमाल मागणी, म्हणजे एका वेळी खरोखर ओढलेला सगळ्यात मोठा भार, 11 च्या पुढे सरकलेली नसते. वाणिज्यिक किंवा सार्वजनिक सेवा वर्गात 20 किलोवॅटच्या वर गेलं की महिन्याच्या ठरावीक स्थिर आकाराऐवजी दर केव्हीएमागे (किलोवॅटसारखंच भाराचं एक माप) मागणी आकार लागतो. भार कमी करायचा अर्ज एका पानाचा. विश्वस्तांच्या सह्या गोळा करायला दोन महिने.

बिल सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते. ती सहसा कोषाध्यक्षांच्या बॅगेत पडून राहिलेल्या बिलाबरोबर विरते.

धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत म्हणतात, पण दानातल्या फ्रिजच्या लेबलवरचे वीजबचतीचे तारे जरूर मोजावेत. वीस वर्षांचा फ्रिज दिवसाला दोन-तीन युनिटं सहज खातो. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढावा. अलगद निघून आला तर तो फ्रिज स्वयंपाकघर थंड करतोय.

खरी लढाई पंख्यांची. जुना 75 वॅटचा, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा नवा) 30 चा. चाळीस पंखे, बारा तास : दिवसाला 21.6 युनिटं वाचतात, महिन्याला सुमारे 650. युनिटला दहा रुपये आणि पंख्याला तीन हजार धरले, हिवाळा वगळला, तरी सुमारे दोन वर्षांत पैसे वसूल. (जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करावी, नाहीतर पंखा गुरगुरतो आणि आतलं सर्किट जळू शकतं.) सगळे माना डोलावतात. मग एक काका वर बोट दाखवतात. प्रत्येक पात्यावर लाल रंगात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'.

नव्या पात्यांवर तीच नावं रंगवून देऊ, असं मी सांगतो. त्यावर काका विचारतात, "पण हे पंखे फार जोरात फिरत नाहीत ना? नाव वाचता आलं पाहिजे."

आजवर ते फक्त वीज गेल्यावरच वाचता येत होतं.