‘चौदाशे रुपयांत एक मुंगळा’: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं असं: मुलाच्या वाढदिवसाला मुंग्या पाळायचा १,४०० रुपयांचा संच नेला, त्यात मुंग्यांची वसाहत नाहीच, नळीत एकच मुंगळा. १९ दिवस झाले तरी एक पिल्लू नाही, उलट त्या मुंगळ्याने स्वतःचीच अंडी खाल्ली. कापसाला बुरशी आली, फोन कुणी उचलत नाही, आणि ‘असले मुंगळे आमच्या ओट्यावर फुकट फिरतात.’

आधी फोनचं. तुमचे तीन मिस्ड कॉल दिसतायत, आम्ही उलटून केला नाही. माफ करा.

ओट्यावरचे मुंगळे फुकट आहेत, खरंय. पण ते कामकरी. वीस पकडून बरणीत ठेवले तरी थोडे दिवस जगतील, वसाहत होणार नाही. त्यासाठी मीलन झालेली राणीच लागते, आणि तुमच्या नळीतला ‘मुंगळा’ म्हणजे अशीच राणी. तीही फुकट मिळते म्हणा. (दुकानदाराने हे सांगू नये.) पावसाच्या सुरुवातीला संध्याकाळी सोसायटीच्या दिव्याखाली पाहा: पंख गळालेली, जाड पाठीची, मोठ्या पोटाची, भिंतीच्या कडेने आडोसा शोधत पळणारी.

आता अंडी. मुलगा रोज संध्याकाळी कापूस काढून साखरेचं पाणी द्यायचा आणि नळी फ्रिजवर असायची, असं तुम्हीच लिहिलंय. मायेनेच करत होता तो. पण या जातीची राणी पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत काही खात नाही. पंख गळाले की पंखांचे स्नायू तिच्या अंगातच विरघळतात, त्यावर ती जगते आणि अळ्यांनाही तोंडाने भरवते. तिला हवा अंधार, ओलावा आणि एकांत. फ्रिजची थरथर, उजेड आणि रोजची उघडझाप यांनी ती बिथरते आणि अंडी खाऊन टाकते. साखरेला बुरशी धरायला तर मुंबईची हवा पुरेशी आहे. पहिल्या कामकरी मुंग्या यायला साधारण दीड-दोन महिने जातात आणि त्या अंगाने बारीकच असतात. तेव्हा साखरपाण्याचा थेंब आणि झुरळाची एखादी तंगडी द्यायची. झुरळ चपलेने मारलेलं हवं, स्प्रेने नव्हे.

हे तुम्हाला कळायला हवं होतं आणि कळलं नाही, हा दोष आमचा. माहितीपत्रक इंग्रजीत. साखरपाणी पहिल्या पानावर, आणि ‘कामकरी आल्यावरच’ हे तिसऱ्या पानावर. वर सोबत ॲक्रिलिकचं घर. ते पाहिल्यावर कुठल्याही मुलाला वाटणार की मुंग्या आजच त्यात राहायला जाणार. एकट्या राणीला ते घर नकोच असतं. आम्ही विकलं, कारण डबा भरलेला दिसतो. या आठवड्यापासून नवख्यांना फक्त नळी देतोय, पत्रक मराठीत. घराचे ८५० रुपये तुम्हाला परत. १५-२० मुंग्या झाल्या की हवं तर तेव्हा घ्या.

व्हिडिओतल्या आफ्रिकी राण्या का ठेवत नाही, असंही विचारलंत. ते करणार नाही. २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांना सुमारे ५,००० राण्या बाळगल्याबद्दल दंड झाला. शिवाय परकी जात इथे सुटली तर आवरणार कोण?

राणी जिवंत आहे ना? मग नळी घेऊन शनिवारी ५ नंतर या, मुलालाही आणा. नवी नळी जुनीच्या तोंडाला जोडून देतो. नवी अंधारात, जुनी उजेडात ठेवली की बाईसाहेब आपणहून सरकतात. महिन्याभरात पुन्हा अंडी घातली नाहीत तर राणी बदलून देईन.

तोवर नळी कपाटात ठेवा, पाण्याच्या परातीत वाटी उपडी घालून तिच्यावर. दुधाचं पातेलं ठेवतो तसंच. घरातल्या बारीक लाल मुंग्या आत शिरल्या तर राणी वाचत नाही. येताना काळ्या मोज्यात गुंडाळून आडवी आणा, आणि लोकलने येत असाल तर गर्दी चुकवून.