‘महामारीत सरकारला कोर्टात खेचता येत नाही’ या दाव्याविषयी

कोविडकाळातील सरकारी हलगर्जीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. महामारी ही दैवी आपत्ती होती, साथरोग कायद्याने सरकारला पूर्ण संरक्षण दिले आहे, धोरणात न्यायालयाने पडू नये आणि त्या वेळी कोणाचेही सरकार असते तरी वेगळे काही घडले नसते, असा त्याचा सारांश असतो.

संरक्षणाचा मुद्दा आधी घेऊ, कारण सारा डोलारा त्याच्यावर उभा आहे. मुंबईतील प्लेगच्या वेळी आलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याचे चौथे कलम सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल दावा लावण्यास मनाई करते, आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही तशी तरतूद आहे, हे खरेच. परंतु या दुसऱ्या कायद्याचे ७१ वे कलम इतर न्यायालयांची दारे बंद करताना सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये यांना कंसात स्पष्टपणे वगळते. मजकूर पाठवणाऱ्यांनी तो कंस वाचलेला दिसत नाही. शिवाय संविधानाच्या ३२ आणि २२६ या अनुच्छेदांनी या न्यायालयांना दिलेला रिट अधिकार, म्हणजे सरकारला थेट आदेश देण्याचा अधिकार, साध्या कायद्याने काढून घेता येत नाही.

विषाणू सरकारने आणला, असे कोणीही म्हणत नाही. पण आपत्ती आल्यावरही सरकारवर कर्तव्ये टाकणारा असा हा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याच्या १२ व्या कलमात मदतीच्या किमान निकषांत विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद आणि जीवितहानीबद्दल सानुग्रह साहाय्य यांचा समावेश आहे. कोविडमृत्यूंसाठी असे साहाय्य देणे ऐच्छिक असल्याचा केंद्राचा पवित्रा सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी फेटाळला. रक्कम मात्र न्यायालयाने स्वतः ठरवली नाही, ती राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर सोडली, आणि त्यातून ५० हजार रुपयांचा आकडा आला. धोरणात नाक न खुपसता कर्तव्याची आठवण कशी करून द्यावी, याचे हे बरे उदाहरण आहे. त्याआधी ३१ मे रोजी, १८ ते ४४ वयोगटाला केंद्राच्या मोफत लसीकरणातून वगळणारे धोरण न्यायालयाने प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन ठरवले होते, तसेच ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी नोंदणी करायची कशी, हेही विचारले होते.

वेगळे काही करताच आले नसते, या म्हणण्याला इंग्लंडमधील निकालात उत्तर मिळते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तेथील रुग्णालयांतून वृद्धांना देखभालगृहांत हलवण्यात आले. लक्षणे नसलेल्यांकडूनही संसर्ग होऊ शकतो, हा धोका शास्त्रीय सल्लागारांनी तोवर बोलून दाखवला होता. तरीही लक्षणे नसलेल्या नव्या रहिवाशांना शक्यतो चौदा दिवस इतरांपासून वेगळे ठेवावे, एवढी सूचनासुद्धा धोरणात नव्हती. लंडनच्या उच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२२ रोजी या त्रुटीमुळे ते धोरण बेकायदा ठरवले. मानवाधिकार कायद्यावर आधारलेले मुद्दे त्याच निकालात फेटाळले गेले, ही बाब मला महत्त्वाची वाटते, कारण प्रत्येक मृत्यूचे खापर सरकारवर फोडण्याचा तो प्रकार नव्हता. त्या क्षणी जे ठाऊक होते आणि जे हाती होते, त्याचा विचार झाला होता का, एवढेच तपासले गेले.

उत्तरदायित्व प्रत्यक्षात तोकडे पडले, हा आक्षेप कोणी घेतला तर तो मान्य करावा लागेल. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यानंतर आठवडाभराने टाळेबंदीत पायी गावी निघालेल्या मजुरांविषयीची याचिका आली, तेव्हा लोक चालत निघाले तर त्यांना थांबवणार कसे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. स्वतःहून दखल घेतली ती २६ मे रोजी, टाळेबंदीला दोन महिने उलटल्यावर. मजुरांकडून रेल्वे किंवा बसचे भाडे घेऊ नये, हा आदेश त्यानंतर दोन दिवसांनी निघाला, आणि ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत लागू करावी, हा निकाल यायला जून २०२१ उजाडले.