चौतीस सेकंदांचे काका

शटर जितके सावकाश मिटेल तितके छायाचित्र खरे उतरते, हे माझ्या कलेचे एकमेव तत्त्व असून ते आमच्या घरात अद्याप कोणालाही पटलेले नाही. १८३८ साली दगेर या आद्य फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसमधील एका रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे लेन्स उघडी राहिली तेवढ्या वेळात, रस्त्यावरची सारी वर्दळ पुसली गेली आणि बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला एक इसम तेवढा उमटला. त्याच धर्तीवर दादरच्या फुलबाजारात गर्दीचे धुके करावे आणि त्यात एकच फूलवाली निश्चल बसलेली दाखवावी, असे मी ठरवले.

पहाटे केशवसुत पुलाजवळ मी ट्रायपॉड रोवला. लेन्सवर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे जवळजवळ काळी काचच, चढवली की प्रकाश सुमारे हजारपटीने घटतो आणि सेकंदाच्या तिसाव्या भागात होणारे काम चौतीस सेकंदांवर जाते. एवढा वेळ चालत राहणारा माणूस विरून जातो, थांबलेला मात्र ठसठशीत येतो. पॅरिसकरांना चालत राहण्याची शिस्त असावी, दादरला ट्रायपॉड दिसताच चालणारा माणूस थांबतो आणि विचारतो, "कुठल्या सिरियलचं शूटिंग आहे?"

"मावशी, जरा चौतीस सेकंद हलू नका," अशी मी विनंती केली.

"अजून भवानी व्हायचीय माझी," असे म्हणून मावशींनी एका हाताने गजरा मोजला, दुसऱ्याने शेवंतीवर पाणी मारले आणि मान वळवून कोणाला तरी सुटे पैसे मागितले. मी बटण दाबले. त्याच क्षणी हातात कटिंगचा ग्लास घेतलेले एक काका चौकटीत शिरले. मी हाताने 'सरका' अशी खूण केली. त्यांनी ती 'थांबा' अशी घेतली आणि मुंबईत क्वचितच आढळणाऱ्या सौजन्याने, चहाचा घोटही न घेता, ते लेन्सकडे पाहत सावधान उभे राहिले.

मावशींचा धूर झाला. झेंडूचे ढीग उत्तम आले. काका तर इतके रेखीव उमटले की त्यांच्या पिशवीवरचे साड्यांच्या दुकानाचे नावही वाचता येते.

तरीही हट्टाने मोठी प्रिंट काढून मी ती दिवाणखान्यात लावली. सासूबाईंनी चष्मा लावून ती बराच वेळ न्याहाळली.

"तुमच्याकडचे का हो हे?" त्यांनी विचारले. "यांचा छान आलाय. बाकीच्यांचा हलला वाटतं."