मी फुकट सल्ला देतो, आणि का देतो

परवा माझ्याच, म्हणजे वीजकामाच्या, धंद्यातल्या एका ज्येष्ठ मित्राचा फोन आला. आवाज चढलेला होता. "अरे, तू रोज रात्री ऑनलाइन बसून लोकांना फुकटात सांगत असतोस. एमसीबी का पडतो, अर्थिंग आहे की नाही ते कसं कळतं. चोवीस वर्षं खपून शिकलास ते असं वाटून टाकायचं? आणि उद्या कुणी तुझं ऐकून विजेला चिकटला म्हणजे?"

त्याच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. एक पोटाचा, एक जिवाचा. पोटाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. जिवाच्या प्रश्नानं मात्र दोन रात्री झोप लागली नाही, कारण तसं एकदा होता होता राहिलं आहे.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. एकानं ऑनलाइन विचारलं होतं, छताच्या दिव्याचा होल्डर जळलाय, नवीन आणलाय, मीच बसवू का? मी कामावरून नुकताच आलो होतो. लिहिलं, "स्विच बंद करा आणि बदला. दोनच वायरी असतात, सोपं आहे." एका ओळीत मोकळा झालो. त्या माणसानं अगदी सांगितलं तसंच केलं. पण त्या घरात कधीतरी कुणीतरी स्विच फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रलमध्ये, म्हणजे परत नेणाऱ्या वायरीत, घातला होता. असा स्विच बंद केला की दिवा विझतो, कारण परतीची वाट तुटते. होल्डरपर्यंत फेज मात्र तसाच जिवंत राहतो. झटका बसला, तो स्टुलावरून पडला आणि मनगट मोडलं. तीन दिवसांनी त्यानं एका हातानं टाइप करून कळवलं. रागावला नव्हता. "तुम्ही म्हणालात तसा स्विच बंद केला होता," एवढंच लिहिलं होतं.

त्या घरात मी स्वतः असतो तर काय केलं असतं? टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतोय ना ते बघितलं असतं. मग मेन पाडून होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला असता. मग हात घातला असता. हे माझ्या हातात इतकं मुरलेलं आहे की ते वेगळं सांगायला हवं हे मला सुचलंच नाही. त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. कारागिराच्या सल्ल्यात धोका असतो तो त्यानं चुकीचं सांगितलेल्या गोष्टीत क्वचितच. तो असतो न सांगितलेल्या गोष्टीत, जी तो विचार न करता रोज करतो. "सोपं आहे" हे दोन शब्द मी तेव्हापासून कुणाला लिहिलेले नाहीत.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. नुसता वाचत होतो. आणि वाचताना जे दिसलं त्यानं मला पुन्हा लिहितं केलं.

एका बाईंनी विचारलं होतं, गिझर आणि हीटर एकदम चालवले की १६ अँपिअरचा एमसीबी पडतो, काय करू? त्यांना आलेलं पहिलं उत्तर होतं, "३२ चा टाका, पुन्हा पडणार नाही." खरंच पडला नसता. अशा सल्ल्याचं भय हेच आहे की तो चालतो. एमसीबी हा भिंतीतल्या वायरीचा राखणदार. वायरीला झेपेल त्याहून जास्त करंट जायला लागला की तो तोडतो. राखणदार बदलला, वायर तीच राहिली. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण कायम ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत टिकेल असं बनवलेलं असतं. त्यापुढे ते हळूहळू कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं भिंतीच्या आत, कुणाला न दिसता, कधीकधी महिनोन्महिने चाललेलं असतं. मी त्यांना एवढंच लिहिलं की एमसीबीला हात लावू नका, गिझर चालू असताना हीटर लावू नका, आणि वायरमनला सांगा की गिझरला बोर्डापासून वेगळी लाईन हवी आहे. त्यांचं उत्तर आलं, "३२ चा आणून ठेवला होता. संध्याकाळी बसवणार होतो."

म्हणून माझ्या मित्राला मी हेच म्हणालो की आपण गप्प बसलो म्हणून प्रश्न विचारणारा गप्प बसत नाही. त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आलेला असतो, तो कुणाचं तरी ऐकणारच. आपण सोडलेली जागा रिकामी राहत नाही, तिथे बत्तीस टाकायला सांगणारा येऊन बसतो.

आता मित्राच्या भीतीत खरं काय आहे तेही सांगतो, कारण ती भीती खोटी नाही. लांबून बघणाऱ्याला फोटोत तेवढंच दिसतं जेवढं काढणाऱ्याला महत्त्वाचं वाटलं. जळकी पिन दिसते, तिच्या मागचा सैल स्क्रू दिसत नाही. वास येत नाही. हात ठेवून बोर्ड कोमट आहे का ते कळत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण, विचारणारा कुठल्या देशात बसलाय तेसुद्धा माहीत नसतं. "काळी वायर कुठे लावू?" हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. अमेरिकेत काळी वायर म्हणजे फेज. भारतात काळी म्हणजे न्यूट्रल. ब्रिटनमध्ये जुन्या घरांत काळी न्यूट्रल, पण २००६ पासूनच्या नव्या कामात न्यूट्रल निळी आणि फेज तपकिरी, आणि तीन फेजच्या लाइनीत तर काळी हाही एक फेजच. तीच वायर, तोच रंग, आणि उत्तर एका ठिकाणी बरोबर, दुसऱ्या ठिकाणी जीव घेणारं. शिवाय कुणीतरी आधी करून ठेवलेलं काम रंगाप्रमाणे असेल याची खात्री कोण देणार? त्यामुळे रंगावरून जोडणी मी कुणालाही सांगत नाही, कितीही गळ घातली तरी.

कायद्याचंही तसंच. ऑस्ट्रेलियात घरातलं पक्कं वायरिंग परवाना नसलेल्यानं करणं बेकायदा आहे. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये घरमालकाला स्वतःच्या घरातली काही ठराविक कामं करता येतात, पण त्यातली बरीचशी परवानाधारकाकडून तपासून घ्यावी लागतात. मी माझ्या अंदाजानं "करा" म्हणालो तर एखाद्याला गुन्हा करायला लावलेला असू शकतो.

या सगळ्यामुळे काहीजण एकच उत्तर देतात, "इलेक्ट्रिशियनला बोलवा." चूक नाही. पण रात्री अकराला प्लगमधून जळका वास येतोय आणि सकाळपर्यंत कुणी येणार नाही, अशा माणसाला या वाक्यानं काय मिळालं? त्याला सांगायला हवं की त्या लाइनीचा एमसीबी पाड, कुठला ते कळत नसेल तर मेन पाड, त्या प्लगवरचं काही वापरू नकोस, पाणी मारू नकोस, धूर वाढला तर बाहेर निघ आणि अग्निशमन दलाला फोन कर. घरातले काही दिवे अचानक भगभगीत आणि काही मंद झाले असतील तर बहुधा न्यूट्रल सुटलाय. तीन फेजच्या पुरवठ्यात तो सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज चढू शकतं. तेव्हा वाट बघत बसायचं नाही, मेन ताबडतोब बंद. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागतं आणि त्यासाठी त्या माणसाला एकही झाकण उघडावं लागत नाही.

माझी रेघ मी इथे ओढली आहे. काय बिघडलंय ते ओळखायचं कसं, थांबायचं कुठे, कारागीर येईपर्यंत काय करायचं आणि तो आला की त्याला काय विचारायचं, हे सगळं मी हातचं न राखता सांगतो. "ही काढून तिकडे लाव" हे मी सांगत नाही. आणि काही गोष्टींबद्दल फक्त "नको" म्हणतो. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, साधारण २००० व्होल्टवर काम करतो आणि पिन काढल्यावरही त्यात चार्ज शिल्लक राहू शकतो. असं लिहिलं की विचारणारे कधी नाराज होतात. होऊ देत.

आता पोटाचा प्रश्न. मला वाटतं आमच्या धंद्यात हा गैरसमज फार खोल गेला आहे की आमची भाकरी लोकांच्या अज्ञानावर आहे. मला कामाला बोलावतात ते माझ्या हाताला, माझ्या मीटरला आणि माझ्या जबाबदारीला. पंधरा ओळी वाचून कुणी पाइपमधून नवी लाईन खेचू शकत नाही. उलट ज्याला थोडं समजतं तो गिऱ्हाईक चांगल्या कामाचे पैसे आनंदानं देतो, कारण तो कशाचे पैसे देतोय ते त्याला कळतं. ज्याला आरसीसीबी म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नाही, त्याला तो खर्च उगाचच वाटणार. त्याला सांगा की ही पेटी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात तोडते, कारण तो फरक कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. ६० वॅटचा साधा बल्ब २३० व्होल्टवर साधारण २६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे बल्ब पेटायला लागतो त्याच्या नवव्या हिश्शाएवढ्या करंटला ही पेटी जागी होते. साधा एमसीबी तेवढ्याला हलतसुद्धा नाही, कारण तो वायरीसाठी आहे, माणसासाठी नाही. हे कळल्यावर घासाघीस करणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिलेला नाही. आणि हेही सांगायचं की एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला तर आरसीसीबीलाही फरक दिसत नाही, तो वाचवणार नाही.

विद्या लपवल्यानं काय होतं याचं एक उदाहरण मी कधी विसरत नाही. चेंबरलेन नावाचं एक घराणं सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये येऊन राहिलं. अडलेल्या बाळंतपणात मूल बाहेर काढायचा चिमटा त्यांच्याकडे होता. शंभर वर्षांहून जास्त काळ त्यांनी तो घराण्याबाहेर जाऊ दिला नाही. मोठ्या पेटीत घालून न्यायचे, बाळंतिणीचे डोळे बांधायचे, असं सांगतात. त्या काळात त्यांच्या हाताबाहेरच्या किती बायका आणि मुलं गेली असतील याचा विचार करवत नाही. १८१३ साली एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घराच्या माळ्यावर, जमिनीच्या फळीखाली, ते चिमटे सापडले.

त्याच १८१३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडे नावाच्या एका पोराला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मदतनिसाची नोकरी लागली. पुस्तकं बांधायचं काम शिकलेला पोरगा. आदल्या वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला तिथल्या हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली होती. त्यानं टिपणं काढली, स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. १८३१ मध्ये त्याच फॅरेडेनं चुंबकापासून वीज काढून दाखवली, ज्यावर आज जगातली बहुतेक जनित्रं चालतात. आमचा अख्खा धंदा कुणीतरी कुणालातरी फुकट दिलेल्या तिकिटांवर उभा आहे असं मला मनापासून वाटतं. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. पटलं असं म्हणाला नाही.

आणि हे फक्त विजेचं नाही. लाकडाला पॉलिश करणाऱ्याला माहीत असतं की जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. बोळे मोकळे पसरून वाळवायचे, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. मेकॅनिकला माहीत असतं की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नसतं, खाली स्टँड हवा. नळकाम करणाऱ्याला माहीत असतं की ब्लीच आणि अ‍ॅसिडचं क्लीनर एकत्र पडलं की क्लोरीन वायू निघतो. यातलं एकही वाक्य सांगून कुणाचं काम जात नाही. हे सांगायचे पैसे मागावेत असं मला तरी कधी वाटलं नाही.

एक मात्र माझ्या धंदेबंधूंना हात जोडून सांगतो. उत्तर द्यायचं असेल तर थांबायची तयारी ठेवा. एक ओळ टाकून निघून जाऊ नका. त्या माणसाचा पुढचा प्रश्नच खरा असतो, "तसं केलं, पण अजून टेस्टर पेटतोय" असा. तेव्हा तुम्ही तिथे नसाल तर पहिली ओळ न लिहिलेली बरी. मी त्या होल्डरवाल्याच्या वेळी तिथे नव्हतो.

मला विचारणाऱ्यांसाठी: रात्री नऊ ते साडेदहा मी असतो. आधी राहता तो देश लिहा. फोटो पूर्ण बोर्डाचा काढा, नुसत्या जळक्या जागेचा नको, आणि झाकण लावलेलं असतानाच काढा. बिघाड व्हायच्या आधी काय चालू होतं, काय नवीन आणलं होतं, कुणी काही दुरुस्ती केली होती का, ते लिहा. वास येत असेल किंवा काही गरम लागत असेल तर मला लिहू नका, आधी मेन बंद करा, मग लिहा.